कुणी वाजवत नाही

गेल्या वर्षी वैशाखातल्या एका सोमवारी दुपारी माझा भाऊ अमोल माधवनगरहून सांगलीला निघाला. रस्त्यात त्याची मोटारसायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धडकली. लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं. आप्पा आणि मी पोचलो तेव्हा तो गेला होता. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप होता. घरी आणून लावला तर तो चालू झाला.

यंदाच्या वैशाखात मी साताऱ्यातच अडकले आहे. मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे खोलीत येऊन पडलेत आणि ते संपेपर्यंत घरी जाता येणार नाही. माझ्या खिडकीमागे एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडे मंगल कार्यालय. सकाळी आचाऱ्यांच्या शेगड्यांचा भरभर आवाज सुरू होतो, मग कांदा परतल्याचा वास, मग मसालेभाताचा. थोड्या वेळाने कुणीतरी माइकवर फुंकर मारून बघतं. मग मंगलाष्टकं. मग शेवटचं सावधान होतं, अक्षता पडतात, आणि त्याच क्षणी स्पीकरांतून ड्रमचा कडकडाट उठतो.

लग्नसराईच्या पहिल्याच लग्नाला तो ऐकला तेव्हा माझ्या हातातला लाल पेन एका मुलीच्या निबंधावर थांबला. कडकडाटात डावा हात मागे पडत होता. उजवा ठोका वेळेवर आणि डावा किंचित उशिरा, पायरी चुकलेल्या माणसासारखा. ऐकणाऱ्याला ते कळू नये इतकं कमी. मला कळलं. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडून अमोलचं डावं मनगट मोडलं होतं. ते जरा वाकडंच जुळलं. तेव्हापासून त्याचा डावा ठोका उजव्याच्या मागून यायचा.

दुपारी भिंतीला वळसा घालून मी कार्यालयाच्या फाटकाशी गेले. बेंजो पार्टीचा टेम्पो उभा होता, कोरेगावकडचा. त्याच्या सावलीत एक मिशीवाला गृहस्थ द्रोणातली बुंदी खात बसला होता.

"दादा, मघाशी ड्रम कोण वाजवत होतं?"

"ड्रम?" त्याने चमच्याने टेम्पोकडे दाखवलं. "हितं ड्रम कुठं हाय, ताई?"

खरंच नव्हता. बेंजो होता, कीबोर्ड होता, उरलेल्या जागेत नुसते स्पीकर रचलेले होते.

"ट्रॅक हाय त्यो," तो म्हणाला. "कुणी वाजवत न्हाई."

"केलाय कुणी?"

"काय म्हाईत. पेनड्रायव्हात पैल्यापासनंच हाय. कराडच्या पार्टीकडनं घेतला आमी, त्येनी कुणाकडनं घेतला देव जाणे. भारी हाय न्हवं? लगीन कुठलंबी असू द्या, आमी ह्योच लावतो." मग त्याने मला नीट बघून घेतलं. "तुमच्याकडं कार्य हाय का? तारखा भरत आल्यात, आदीच सांगून ठेवतो."

कार्य नाही म्हणून सांगितलं आणि परत आले. त्या मुलीच्या निबंधाला किती गुण द्यायचे ते मला संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही.

मला आठवतो तो दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. माधवनगरच्या आमच्या घरातून त्या उन्हाळ्यात रोज सकाळी दोन कामं निघायची, दोन्ही लग्नाची. आप्पा, म्हणजे आमचे वडील, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. आमच्या बौद्ध समाजात लग्न लावायला त्यांना आसपासच्या गावांतून बोलावणी असतात. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पिशवीत मेणबत्त्या, अगरबत्ती आणि बुद्धाची लहानशी मूर्ती. गाथा म्हणताना त्यांचा आवाज स्वच्छ लागतो, एकेक अक्षर सुटं. शेवटी फुलांच्या पाकळ्या पडतात आणि लग्न लागतं. वाजंत्री नको, ही त्यांची अट. कुणी आग्रह केलाच तर सांगायचे, "मी निघालो की मग काय ते वाजवा."

आणि आतल्या खोलीत अमोल दुसऱ्यांच्या लग्नांचे ड्रम तयार करत असायचा. संगणकावर. आवाज बाहेर येऊ न देता, कानांना हेडफोन लावून.

हे असं का होतं, ते सांगायला आजोबांकडे जावं लागेल. आजोबा जत तालुक्यातल्या एका गावात डफडं वाजवायचे. म्हणजे त्यांना ते वाजवावं लागायचं. पालखीपुढे, मयतापुढे, मोठ्या घरच्या वरातीपुढे. जेवण सगळ्यांच्या मागून आणि मांडवाबाहेर. धर्मांतर केल्यावर पुढच्या जत्रेला त्यांनी वाजवायला नकार दिला. गावाने त्यांचं पाणी तोडलं. त्या मुलखात जिथे आजही टँकरच्या मागे घागरी पळतात, तिथे पाणी तोडलं म्हणजे आणखी काही तोडायची गरज नसते. ते बायकोमुलांना घेऊन माधवनगरला आले आणि गिरणीत लागले. डफड्याचं कातडं त्यांनी कापून टाकलं. लोखंडी कडं ठेवलं आणि त्यावर पाण्याचा माठ बसवला. आमच्या स्वयंपाकघरात माठ अजून त्याच कड्यावर आहे. नव्या पाहुण्याला पाणी देताना आप्पा ते दाखवायचे. "हे आमच्या घरातलं वाद्य. यातून आता फक्त पाणी निघतं."

अमोलने हे वाक्य माझ्याइतक्याच वेळा ऐकलेलं होतं. पण त्याचे हात गप्प बसायचे नाहीत. जेवताना ताटाच्या काठावर, एसटीत पुढच्या सीटच्या दांडीवर, मी वाचत असले की माझ्या पाठीवर. "तायडे, हल्लू नगंस, पाठ चांगली वाजतीय तुझी." आई होती तोवर ती त्याच्या हातात काहीतरी निवडायला द्यायची, शेंगा नाहीतर हरभरा. आई गेल्यावर त्या हातांना काम देणारं कुणी उरलं नाही. संगणकाच्या डिप्लोमाला असतानाच तो बाळू मास्तरांच्या बेंजो पार्टीत ड्रमवर बसू लागला. बाळू मास्तर बेंजो वाजवतात आणि पार्टी त्यांचीच. माधवनगरच्या एका बंद गिरणीच्या शेडमध्ये त्यांचा सराव चालायचा. आप्पांना तो सांगायचा, क्लासला जातो.

आप्पांना कळलं ते एका पाहुण्याकडून. भर बैठकीत तो कौतुकानेच बोलून गेला होता. "गुरुजी, काल मिरजेत तुमचा अमोल लय भारी वाजवत हुता. पब्लिक नुसतं येडं झालं."

आप्पा घरातसुद्धा पुस्तकातल्यासारखं बोलतात. राग आला की मात्र त्यांच्या तोंडात जतकडची भाषा येते. त्या संध्याकाळी ती आली.

"माझ्या बापानं हातातलं टाकायला गाव सोडलं. आन तू त्येच परत हातात घेतलंस व्हय रं?"

"आप्पा, आजोबांना वाजवायला लावत होते. मी मला वाजवायचं म्हणून वाजवतोय."

"लोकास्नी त्यो फरक दिसत न्हाई. त्येंस्नी वाजवणारा दिसतो फकस्त."

मी दारात उभी होते. तेव्हा मला कुणाची बाजू घ्यावी ते कळलं नाही आणि अजूनही कळत नाही, कारण दोघंही बरोबर होते. घरातली दोन माणसं एकाच गोष्टीवरून बरोबर असली की तिसऱ्याने काही बोलायची सोय राहत नाही. अमोलने ड्रमवर बसणं सोडलं. सेट शेडमध्येच एका ताडपत्रीखाली राहिला. आणि त्याच सुमारास सगळ्याच पार्ट्यांनी ड्रम उतरवायला सुरुवात केली होती. टेम्पोत स्पीकर जास्त बसावेत म्हणून, माणूस कमी लागावा म्हणून. बाळू मास्तरांनी विचारलं, "गड्या, तू कॉम्प्युटर शिकलायस. खऱ्यासारखा ड्रम बसवून दे की त्यात."

आप्पांची याला हरकत नव्हती. संगणकाचं काम होतं ते. दाराशी येऊन एकदा पडद्याकडे बघून गेले, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी होते आणि दुपारभर अमोलच्या खोलीत वाचत पडलेली असायचे, कारण पंखा त्याच्याच खोलीतला बरा होता. वाचणं कमी, बघणंच जास्त. पडद्यावर ड्रम सेटचं चित्र, खाली आडव्या-उभ्या रेघांची जाळी. जाळीत एक ठिपका ठेवला की एक ठोका. ठिपक्याला जोर द्यायचा, एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत. मला वाटलं होतं, झालं, एवढंच. ठिपके ठेवत जायचं, कशिदा काढल्यासारखं.

"तसं करून बघ की," तो म्हणाला आणि मला खुर्चीवर बसवलं. मी अर्धा तास खपून एक तुकडा भरला. सगळे ठिपके रेघेवर, सगळे सारख्या जोराचे. ऐकलं तर शिवणयंत्र चालल्यासारखं वाजलं.

"शिवाय तुझ्या ड्रमरला हात किती आहेत?" त्याने विचारलं.

"दोन."

"मग हितं बघ. एकाच वेळी हाय-हॅटची जोडझांज, स्नेअर आणि टॉम हे दोन ड्रम, आणि वरची मोठी झांज. चार. तुझा ड्रमर देवीच्या फोटोतला दिसतोय."

त्याची पद्धत वेगळी होती. तो आधी संगणकाला हातच लावायचा नाही. पलंगाच्या कडेला बसायचा, पुढ्यात दोन उशा, बाजूला माझी बंद छत्री, पायाखाली चप्पल, आणि हवेत वाजवायचा. हात इकडून तिकडे पोचतोय का, ते बघायचा. पोचत नसेल तर तो ठोका काढून टाकायचा, कितीही चांगला वाजत असला तरी. मग खुर्चीवर येऊन ठिपके ठेवायचा. जोराच्या ठोक्यांच्या मधे तो अगदी बारीक ठोके पेरायचा, दहा-पंधरा जोराचे, काठी नुसती चुकून लागल्यासारखे. मी म्हटलं, हे तर ऐकूच येत नाहीत. "येत नाहीत. पण काढून बघ." काढले तर सगळं रिकामं वाटायचं, सामान हलवलेल्या घरासारखं. लांबलेल्या वरातीच्या शेवटी तो हाय-हॅटचा जोर थोडा थोडा कमी करत न्यायचा, कारण खांदा दमतो. आणि शेवटच्या कडव्यात लय जराशी पुढे ढकलायचा, कारण पोरं नाचायला लागली की कुठलाही ड्रमर पुढे पळतो.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. बटण दाबलं की ते आपणहून ठोके थोडे मागेपुढे करायचं, माणूस वाजवतोय असं वाटावं म्हणून. अमोल ते बटण कधी दाबायचा नाही.

"तायडे, मशीनची चूक कुठंही पडते. माणसाची चूक ठरलेल्या जागी पडते." आणि तो एकेक डावा ठोका माउसने धरून रेघेच्या किंचित मागे सरकवायचा. शेकडो ठोके. मोडलेलं मनगट त्याने असं ठिपक्या-ठिपक्याने संगणकात नेलं.

एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. सॉफ्टवेअरमधले आवाज चांगले होते, पण ते परक्याचे होते. कुठल्या तरी देशात कुणीतरी खऱ्या ड्रमवर मारलेले. अमोलला स्वतःच्या सेटचे हवे होते. म्हणून एका दुपारी आम्ही दोघं त्या बंद गिरणीच्या शेडमध्ये गेलो. त्याने ताडपत्री काढली, माइक लावला आणि मला वायर धरून उभं केलं. मग एकेक ड्रम, अगदी हळूपासून पूर्ण जोरापर्यंत. एक ठोका, मग त्याचा आवाज विरून जाईपर्यंत शांतता, मग दुसरा ठोका. मला श्वाससुद्धा जपून घ्यायला सांगितलं होतं. पत्र्यातून ऊन गळत होतं. अशाच एका सुंदर ठोक्याच्या मागोमाग रस्त्यावरून आवाज आला, "भंगाऽर! भंगारवालाऽ!" मी हसू दाबायला गेले आणि वायर हलली. अमोल चिडला नाही. "राहू दे, त्या ठोक्याचं नावच भंगार ठेवतो," म्हणाला. आणि ठेवलंसुद्धा.

त्या दुपारी त्याच्या हातात कितीतरी दिवसांनी खऱ्या काठ्या होत्या. मोजून एकेक ठोका मारायचा, वाजवायचं नाही, असं होतं. मधेच एकदा त्याला राहवलं नाही आणि त्याने वाजवलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग काठ्या खाली ठेवून घाम पुसत म्हणाला, "आप्पांनी एकदा बसून ऐकावं. एकदाच. मग नाही म्हटले तरी चालेल."

एवढंच त्याला हवं होतं. दुसरं काही त्याने मागितल्याचं मला आठवत नाही.

मग ती दुपार आली जिच्यापाशी मी पुन्हा पुन्हा येते. वरातीचा एक मोठा तुकडा पुरा झाला होता. आप्पा लग्न लावून घरी आलेले, पाणी पिऊन खोलीशी थांबले. अमोल उठला आणि त्याने हेडफोन त्यांच्या कानांना लावले. आप्पांनी चष्मा सारखा केला, जसा ते कुणाचं पत्र वाचायला घेताना करतात. अमोल त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याची बोटं मांडीवर वाजत होती, तुकड्याबरोबर, त्यामुळे कानांत काय चाललंय ते मला दिसत होतं. आप्पा पुरता तुकडा थांबून ऐकत राहिले. मधे त्यांची मान हलली. मी ती हललेली पाहिली आहे.

हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "छान आहे. कोण वाजवतंय हे?"

अमोलने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कुणी नाही. संगणक."

"मग ठीक आहे," आप्पा म्हणाले, आणि हात-पाय धुवायला गेले.

अमोल पुन्हा जाळीतल्या ठिपक्यांपुढे जाऊन बसला. एवढे दिवस खपून त्याने जे साधलं होतं ते त्याच्या पुढ्यात होतं. ऐकणाऱ्याने विचारलं होतं, कोण वाजवतंय. त्याच्या कामाला याहून मोठी पावती मिळणार नव्हती, आणि ती त्यानेच स्वतःच्या तोंडाने परत केली होती. मी म्हटलं, सांगायचं होतंस. तो म्हणाला, "सांगितलं असतं तर मान हलली नसती."

नंतरचे दिवस मात्र हसण्यात गेले, हेही लिहिलं पाहिजे. फलटणच्या एका लग्नाला बाळू मास्तरांनी अमोलचा ट्रॅक पहिल्यांदा अक्षतांना लावला. ट्रॅक लावायला कीबोर्डवाला बसवला होता. त्याला सांगितलं, शेवटच्या सावधानाला बटण दाब. आता प्रत्येक मंगलाष्टक सावधाननेच संपतं, आणि शेवटचं कुठलं हे भटजींनाही आधी ठाऊक नसतं. भटजींचं संपलं, कीबोर्डवाल्याने बटण दाबलं, कडकडाट झाला, अर्ध्या मांडवाने अक्षता टाकल्या. आणि नवरीचे मामा, सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, माइक धरून उभेच होते. खिशातून कागद काढलेला, त्यांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक.

"आवं थांबा, थांबा! मामांचं ऱ्हायलंय!"

"मशीन बंद करा रं ती!"

"मामा, तुमी म्हणा, आमी परत टाकतो अक्षता!"

मामांनी म्हटलं. लोकांनी खालच्या अक्षता वेचून पुन्हा टाकल्या. अमोल घरी येऊन हे सांगताना पलंगावर लोळून हसला. मग उठून बसला आणि म्हणाला, "मी ड्रमवर होतो तेव्हा असं कधीच झालं नाही. मी भटजींकडे बघायचोच नाही. अंतरपाट धरलेल्या दोघांच्या कोपरांकडे बघायचो. खरंच संपलं की कोपर सैल पडतं." ट्रॅकला कोपरं दिसत नाहीत. त्याने त्यावर तोड काढली, दुसरं बटण दाबेपर्यंत दबक्या आवाजात चालू राहणारा एक घुमारा केला. पण त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तो आता ट्रॅकबद्दल विचार करत नव्हता.

आमच्या चुलतबहिणीचं लग्न पुढच्या वर्षीच्या वैशाखात ठरलं, सांगलीत, एका रविवारी. लग्न आप्पा लावणार होते. आणि तिच्या सासरच्यांनी वरातीला बाळू मास्तरांची पार्टी ठरवली होती, अमोलचा त्या पार्टीशी संबंध आहे हे माहीत नसताना. पहिल्यांदाच बापलेक एका मांडवात येणार होते. अमोलने मला साताऱ्याला फोन केला. "मी टेम्पोत खरा सेट चढवणार आहे. आप्पांचं लागून झालं, पाकळ्या पडल्या, की मग मी बसणार. निघून गेले तर जाऊ देत. पण फाटकापर्यंत तरी ऐकू येईलच की."

मी म्हटलं, मी त्यांना जेवायला बसवून ठेवते.

त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी तो सांगलीत बाळू मास्तरांना भेटून हेच ठरवायला निघाला होता.

लग्न पुढे ढकललं आणि नंतर वाजंत्रीशिवाय लागलं. आप्पांनी लावलं नाही.

अमोलच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक पांगले, तरी बाळू मास्तर ओसरीवर बसून राहिले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. शेवटी म्हणाले, "गुरुजी, इचारू नये ते इचारतो. सराई मधीच हाय. अमोलनं केल्यालं सगळं त्या लॅपटॉपात हाय. मिळालं तर..."

"घेऊन जा," आप्पा म्हणाले. "संगणकाचं आहे ते. त्यात आमचं काही नाही."

मास्तरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"संगणकाचं? आवं गुरुजी, संगणक काय वाजवतोय? माझ्या पुतण्यानं म्हैनाभर डोकं फोडलं त्याच्यावर, नुसता डबा बडवल्यागत वाजायचं. ह्यात ठोका न ठोका अमोलनं ठिवलाय. आवाजबी त्याच्याच ड्रमाचा, आमच्या शेडात भरल्याला. त्योच वाजवतोय त्यात." त्यांना वाटलं आपण सांत्वन करतोय. "तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

मास्तरांना हवं होतं ते मी पेनड्राइव्हवर घालून दिलं. तिथून ते कराडला गेलं, कोरेगावला गेलं, आणखी कुठे कुठे गेलं असेल. वाटेत नाव गळून पडलं. नाव लावायची कुणाला आठवण झाली नाही, आणि झाली असती तरी लग्नात ते वाचणार कोण?

पार्टीवाल्यांवर मला राग धरता येत नाही. गावावर धरता येतो, पण तो माझ्या जन्माआधीचा आहे, आणि इतका जुना राग कुणाला नेऊन द्यायचा? आप्पांवर धरावा तर त्यांच्या शब्दांमागे तोडलेलं पाणी उभं असतं. कधी कधी मला त्या सॉफ्टवेअरचाच राग येतो. माणूस वाजवतोय असं वाटावं यासाठी ते बनवलंय. माणसाला आत घेतं आणि बाहेर नुसतं वाटणं पाठवतं.

मास्तर गेल्यावर दुसऱ्या दिवशी आप्पा आपणहून आतल्या खोलीत आले. अमोलच्या खुर्चीवर बसले नाहीत, पलंगावर बसले. "ऐकव," म्हणाले.

मी हेडफोन दिले नाहीत. आवाज उघडा सोडला. तोच वरातीचा तुकडा लावला, ज्याला त्यांची मान हलली होती. माधवनगरच्या त्या घरात ड्रम पहिल्यांदा मोठ्याने वाजला. शेजारच्या काकू खिडकीत आल्या आणि परत गेल्या. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. तुकडा संपला. "परत," म्हणाले. मी परत लावला. मग आणखी एकदा. मी त्यांना पडद्यावर दाखवलं, हा उजवा हात, हे बारीक ठोके, आणि हा बघा आप्पा, हा डावा, कसा मागे पडतो बघा. ते मनगट. तुम्हीच त्याला पाठुंगळीवर घेऊन दवाखान्यात पळत गेला होतात.

ते पडद्याच्या अगदी जवळ वाकले. मी फक्त डाव्या हाताचे ठोके लावून दाखवले. मग फक्त उजव्याचे. मग दोन्ही.

"मला सगळे सारखेच ऐकू येतात," ते म्हणाले.

मी म्हटलं, सवयीने कळेल.

त्यांनी मान हलवली. राग नव्हता, तरी त्यांच्या तोंडात ती जतकडची भाषा आली. "तुला घावतोय त्यो ह्यात, कारण तू त्याला बघितलायस. मी त्याला वाजवताना कवाच बघितला न्हाई. मला कसा घावंल?"

आप्पा आता लग्न लावायला जात नाहीत. बोलावणी येतात, ते दुसऱ्या कुणाचं नाव सांगतात. गठ्ठे संपले की मी माधवनगरला जाईन. घरात आम्ही दोघंच असू. अमोल कसा वाजवायचा ते आप्पांना माहीत नाही, आणि ते मला सांगता येत नाही.